परत म्हणायची सवय

पारनेरच्या स्टँडवर एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. कंडक्टरनं "राळेगण एक?" विचारलं, तर हा मोठ्यानं म्हणाला, "राळेगण एक." मी म्हटलं, पिशवी जरा सरकवा. "पिशवी सरकवतो." चेष्टा करतोय की काय, म्हणून मी रोखून पाहिलं.

"सवय हाय," तो ओशाळला. विमानाचा पायलट होता, गावी निघालेला. टॉवरवरून आलेली सूचना त्यांना जशीच्या तशी परत म्हणावी लागते. ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथंच कळते.

वाटेत त्याच्या युनियनमधून फोन आला. कंपनी नव्या पायलटांना बिनपगारी घरी बसवणार होती. ते टळावं म्हणून जुन्यांनी पगारकपात घ्यावी की नाही, यावर युनियनमध्ये भांडणं चालली होती. हा 'घ्यावी' म्हणून भांडणारा.

"कपात मंजूर," तो फोनवर म्हणाला, खुशीत. पुढचं मात्र नुसतं ऐकून घेतलं. फोन खिशात ठेवला.

"काय झालं?"

"कपात घेतली, आन् नव्या पोरांनाबी घरी बसवलं."

"हे तुम्ही परत म्हणाला नाहीत."

"ऐकायचीच चूक असती," तो म्हणाला, "तर लई बरं झालं असतं."