खिळ्यावरचं जॅकेट

माझी मोठी बहीण, जिला मी बाई म्हणतो, मुकुटबनजवळच्या एका गावात राहते. वणीला नोकरी लागल्यावर मी तिच्या मुलीसाठी पहिली वस्तू घेतली ती लाइफ जॅकेट. भाची तेव्हा तीन वर्षांची होती. भाऊजींनी वावरात नुकतंच शेततळं केलं होतं. आत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली, चारही बाजू उताराच्या. मी स्वतः एकदा उतरून पाहिलं होतं. ओल्या पन्नीवर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही. भाऊजींनी वरून दोर टाकला तेव्हा मी बाहेर आलो.

"कुंपण करा ना, भाऊजी."

"करतो गा. तुरी निघू दे."

तुरी निघाल्या, कुंपण झालं नाही. म्हणून मी जॅकेट आणलं. भगव्या रंगाचं, समोर दोन बकल, आणि मुलाच्या अंगातून ते वर सरकून निघू नये म्हणून मांड्यांमधून जाणारा पट्टा. लेकरावर नजर ठेवावीच लागेल, जॅकेट असलं तरी, हेही मी बाईला समजावलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं, जॅकेटवरून हात फिरवला आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ते आलं होतं तिच्यातच परत घालून खिळ्याला टांगलं.

पुढच्या खेपेला ते तिथंच होतं.

"पोट्टीले घालत काहून नाही वं?"

"मयते ना, बापू. एवढी चांगली वस्तू, वावरात मातीत घालू?"

"मातीतच घालासाठी आणली, बाई."

"शिकला तं लय शहाणा झाला. वस्तू वापरून वापरून नासवतेत काय?"

तान्ह्या पोळ्याला, लेकरांच्या वेशभूषेसाठी, मात्र ते निघालं. बाकीचे पोट्टे कृष्ण नाही तर शिवाजी होऊन लाकडी बैल ओढत होते. भाची पुरात लोकांना वाचवणारी झाली होती. तिला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. बाईनं फोटो पाठवला. फोटोत मांड्यांमधला पट्टा मागं लोंबत होता.

मी रागावू शकलो नाही. आमच्या घरात मी एकटाच कॉलेजात गेलो. मी शिकावं म्हणून बाई सातवीतून निघून कापूस वेचायला गेली. माझा एक चांगला शर्ट होता. तो ती धुऊन, घडी करून, पेटीत ठेवायची आणि फक्त परीक्षेच्या दिवशी काढून द्यायची. तो शर्ट बारावीपर्यंत पुरला. चांगलं ते जपायचं, रोज वापरायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही तसेच जगलो. मी आज जो काही आहे तो बाईच्या या जपण्यामुळं आहे. तिच्याशी मी कोणत्या तोंडानं भांडणार?

त्याच हिवाळ्यात शेजारच्या वावरातल्या तळ्यात वेचणीला आलेल्या एका मजुरणीचा मुलगा बुडून गेला. बाया कापसाच्या ओळींत वेचत होत्या, मूल धुऱ्यावर, बांधाशी, खेळत होतं. त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या तळ्याशी उभा राहिलो. पन्नी इतकी गुळगुळीत होती की तिच्यावर बोटांची एक खूणही उठली नव्हती.

घरी बाईनं भाचीला मांडीत घट्ट धरून ठेवलं होतं. जॅकेट खिळ्यावरून उतरलं होतं आणि मुलीच्या अंगात होतं. मला वाटलं, आता झालं.

काही दिवस ते वावरात गेलंही. मग बाईचा फोन आला. "मानेपाशी घासते, गया खाजवते तिचा, बापू. गरम होते. अन तो खालचा पट्टा घडोघडी सोडा लागते, मुताले लागते तिले." कापसाचे धागे चिकटले म्हणून तिनं ते धुतलं, रंग उडू नये म्हणून सावलीत वाळवलं, आणि पिशवीत घातलं.

भाची आता शाळेत जाते. मध्यंतरी मी ते जॅकेट तिच्या अंगात घालून पाहिलं, बकल लागेनात. बाईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ती खूश झाली. "आता याले होते ना," ती कडेवरच्या धाकट्या लेकाकडे पाहून म्हणाली. तो नुकताच चालायला लागला होता. "पाह्य, किती जपलं मी. नवंच हाये."

यंदा सीतादहीला मी गेलो. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया वावरात पूजा करतात, दहीभात शिंपतात. सगळं घर वावरात होतं. तळं काठोकाठ भरलेलं. कुंपणाच्या जागी भाऊजींनी बोराटीच्या काट्या लावल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या कुणाच्या तरी शेळ्यांनी पाडल्या होत्या.

"जॅकेट?" मी विचारलं.

"घरी हाये. सणाचा दिवस, बापू. दह्याचे डाग पडले असते."

तिनं माझ्या ताटात दहीभात वाढला, नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी. मी ताट उचलून तळ्याच्या बाजूला जाऊन बसलो, तळं पाठीशी आणि भाचा समोर. तो माझ्या गुडघ्याला धरून उभा राहायचा, मग गुडघ्यावरून पलीकडे पाण्याकडे बघायचा. मी त्याला परत आत वळवायचो. त्याला तो खेळ वाटला, तो हसत पुन्हा यायचा.

संध्याकाळी भाऊजींनी मला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. बाईची आणि बाकी बायांची वेचणी उद्यापासून रोज होती, भाचा धुऱ्यावर. मी येणार ते पुढच्या रविवारी, सुट्टी मिळाली तर.