गूंडीविंडीच्या अलीकडे

आमच्या ह्यांच्याबरोबर गाडीने लांब जायचं म्हणजे दोन डबे भरून दशम्या करायच्या आणि घड्याळ विसरायचं. कॅनबेराला गुंगालिनमध्ये आमचं घर. तिथून टूवूंबा साडेअकराशे किलोमीटर. आमचा मुलगा वेद मेलबर्नला क्लेटनमध्ये असतो. त्याने एकदा आम्हाला तेरा तासांत, एका दमात नेऊन सोडलं. पेट्रोलला दोनदा थांबला तेवढाच, कॉफीसुद्धा चालवता चालवता प्यायला. उतरल्यावर ह्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंस रे वाटेत?"

"ट्रक्स," वेद म्हणाला. "बाबा, इट्स अ रोड. यू जस्ट गेट देअर."

ह्यांना ते कधीच पटलं नाही. हे, म्हणजे भास्कर, बस डेपोत मेकॅनिक. आधी पिंपरीला कंपनीत होते, इथे येऊन सोळा वर्षं झाली होती. दिवसभर बसगाड्यांचे ब्रेक तपासणारा माणूस वेगाला भुलत नाही. एकशेदहाच्या रस्त्यावर हे पंच्याण्णवने जाणार. मागून धान्याचा ट्रक भोंगा वाजवत आला की बाजूला घेणार आणि हात वर करून म्हणणार, "जा बाबा, तुझी बायको वाट बघत असेल." गाव आलं की थांबायचं. टायरवरून हात फिरवायचा, थर्मासमधला चहा घ्यायचा. इथल्या प्रत्येक लहान गावात लढाईत मेलेल्या मुलांच्या नावांचा दगड असतो, त्याच्यासमोर उभं राहून ती नावं मोठ्याने वाचायची.

मी म्हणायचे, "अहो, ह्यातलं कोण तुमच्या ओळखीचं?"

"कोणी नाही. पण घरापासून लांब जाऊन मेली गं पोरं. कुणीतरी नाव घ्यावं."

आणि संध्याकाळी पाचला गाडी बंद. कांगारू त्या वेळेला रस्त्यावर येतात म्हणून. मग त्या गावात मोटेल बघायचं. अडीच दिवस लागायचे आम्हाला टूवूंब्याला.

टूवूंब्याला ह्यांची बहीण, चित्रलेखा. आम्ही अक्का म्हणायचो. ह्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते. अक्कांनी ह्यांची शाळा, आजारपणं, सगळं केलं आणि ह्यांची दहावी होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय घरात काढू दिला नाही. यजमान गेल्यावर त्या लेकीकडे, यामिनीकडे आल्या. यामिनी तिथे नर्स आहे. दोघीच राहायच्या. आम्ही वाटेतल्या प्रत्येक गावाहून फोन करायचो, आणि अक्का विचारायच्या, "भास्कऱ्या, कुठवर आलास?"

"डबोला."

"अजून डबोच? बैलगाडी जुंपलीस का काय?"

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये करोनामुळे क्वीन्सलंडची, म्हणजे टूवूंब्याच्या राज्याची, हद्द बंद झाली. मे महिन्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. जुलैत हद्द उघडली तेव्हा डेपोत माणसं कमी होती. ह्यांना दहा ऑगस्टपासून रजा मिळाली. अक्काच फोनवर म्हणाल्या, "ये सावकाश. मी कुठे पळून जातेय?"

पाच ऑगस्टला सकाळी बातमी आली. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर एक वाजता हद्द पुन्हा बंद. न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेरावाल्यांना आत जाता येणार नाही.

हे अकरा वाजता डेपोतून घरी आले. साहेबांनी लगेच सोडलं होतं. बूटही न काढता म्हणाले, "सुचित्रा, दोन कपडे घे. जेवून निघू. आज फोर्ब्सला मुक्काम, उद्या नॅराब्राय. परवा जेवायला अक्काकडे."

मी देवापुढे बसले होते. मी म्हटलं, "आज बुधवार आहे."

"बरं, मग?"

"जाशील बुधी तर येशील कधी, म्हणतात. आजारी माणसाकडे जायचंय. माझं मन नाही घेत. उद्या पहाटे निघू, दोन दिवस पुरेसे आहेत."

माझ्या आईने मला कधी बुधवारी माहेराहून निघू दिलं नाही. खरं तर ती रीत लेकीसुनांची, हद्दी बंद व्हायच्या आधीच्या काळातली. पण त्या दिवसांत रोज मेलेल्यांचे आकडे ऐकून मी फार भ्याले होते. आपल्या हातून काही चुकायला नको, एवढंच मनात होतं. ह्यांनी मोजून पाहिलं. दोन दिवस खरंच पुरत होते. मला दुखवायचं नव्हतं त्यांना. "बरं," म्हणाले, आणि दुपारभर गाडीचं पाणी, ऑइल बघत बसले.

इथे ऑगस्टमध्ये हिवाळा. गुरुवारी पहाटे गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून निघालो. नेहमीच्याच वेगाने. दुपारी चारच्या सुमाराला गिलगांड्राला डबा उघडला तेवढ्यात यामिनीचा फोन. "मामा, आईचा श्वास बदललाय. मी रोज बघते असे पेशंट. जमेल तेवढं लवकर ये."

ह्यांनी हातातली दशमी तशीच डब्यात ठेवली.

सोळा वर्षांत मी ह्यांना तसं चालवताना पाहिलं नव्हतं. काटा एकशेदहावर. कूनाबराब्रनला पाच वाजले. मी म्हटलं, "अहो, थांबू या का?"

"नॅराब्रायपर्यंत जाऊ. म्हणजे उद्या दुपारी पोहोचतो."

त्या दोन गावांच्या मध्ये सगळं जंगल आहे. उजेड राखाडी झाला होता. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, म्हणून कांगारू मला दिसलाच नाही. नुसता आवाज झाला, आणि गाडी फिरून झाडाला जाऊन थांबली.

मला खरचटलंसुद्धा नाही. ह्यांचं डोकं बाजूच्या काचेवर आपटलं होतं आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. मागून आलेल्या ट्रकवाल्याने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत आपलं जाकीट ह्यांच्या अंगावर घालून तिथेच थांबला. आम्ही पोहोचलो नॅराब्रायलाच, पण हॉस्पिटलात.

शुक्रवारी सकाळी ह्यांना दोनदा उलटी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला मार आहे, शनिवारपर्यंत इथून हलायचं नाही. तिथून हद्द सव्वादोनशे किलोमीटर. गूंडीविंडीचा पूल ओलांडला की क्वीन्सलंड.

"कुणाच्याही गाडीत मला आडवा घाला," हे म्हणाले. "सही करून देतो."

डॉक्टरीणबाईंनी मलाच समजावून सांगितलं, वाटेत डोक्यात रक्तस्राव झाला तर मदत नाही. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

तिकडे यामिनी अक्कांना सोडून येऊ शकत नव्हती. वेदचा मेलबर्नहून दर तासाला फोन. तिथे तर घराबाहेर पडायची बंदी. "आई, आय कॅन्ट डू एनीथिंग फ्रॉम हिअर," एवढंच म्हणत राहिला. हद्द बंद झाली तेव्हा हे औषधाने झोपलेले होते. मी जागी होते.

शनिवारी आम्ही समोरच्या मोटेलमध्ये आलो. विशेष परवानगीचा अर्ज यामिनीने भरला होता, उत्तर यायला काही दिवस लागणार होते. दुपारी तिने व्हिडिओ लावला आणि फोन अक्कांच्या उशीशी टेकवून ठेवला. अक्का डोळे मिटून होत्या. श्वास थांबत थांबत चालला होता.

"आई, मामा आहे," यामिनी म्हणाली. "मामा, तू बोल. ऐकू येतं शेवटपर्यंत."

हे पलंगावर उशांना टेकून बसले होते. बरगड्यांमुळे धड श्वास घेता येत नव्हता. म्हणाले, "अक्का, नॅराब्रायहून निघालो बघ. हळूच चालवतोय."

मला वाटलं डोक्याच्या माराने काही झालं. मी उठणार, तर त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं.

"दोन्ही बाजूंना कापसाची शेतं आहेत. सध्या रिकामी. रस्त्याच्या कडेला बोंडं सांडलीत, तू आपल्याकडे वाती करायचीस तशी... आता मोरी गावाला आलो. चहा घेतो. सुचित्रा म्हणतेय बास झाला चहा." थांबायचे, दम घ्यायचे. "दगडावरची नावं वाचतो हं, मग निघतो." आणि दोनतीन नावं खरंच घेतली. पाठ होती त्यांना.

एक तास, दोन तास. सव्वादोनशे किलोमीटर त्यांनी एकदाही घाई केली नाही. पूल आला. "पूल ओलांडला अक्का. कुणी अडवलं नाही." मग टूवूंब्याकडचा चढ, यामिनीची गल्ली, दारातलं लिंबाचं झाड. "दार उघडंच आहे की. आलो बघ."

अक्कांची भुवई हलली असं यामिनीला वाटलं. मला नाही दिसलं.

रविवारी सकाळी अक्का गेल्या. म्हणजे आम्ही बुधवारी निघालो असतो तर जवळजवळ दोन दिवस मिळाले असते. हे मी एकटीने शंभरदा मोजलं. मंगळवारी अंत्यविधी फोनवर पाहिला. हे सबंध वेळ उभे राहिले. संपल्यावर मी म्हटलं, "अहो, मी अडवलं तुम्हाला."

माझी अपेक्षा होती ते म्हणतील, असं काही नसतं. तसंच बोलतात लोक.

"हो," हे म्हणाले. "मीही थांबायला नको होतं." मग थोड्या वेळाने, "जरा पाणी दे."

एवढंच. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, रागाने नाही, टोमण्याने नाही. मी अजून सकाळी दिवा लावते, हात जोडते. पण जे मागायचं ते मागायला शब्द येत नाहीत. देवाने मला असं कर म्हणून सांगितलंच नव्हतं.

सप्टेंबरअखेर कॅनबेरावाल्यांना विमानाने जायची परवानगी मिळाली. अक्कांच्या थोड्या अस्थी यामिनीने मामासाठी ठेवल्या होत्या. मी खिडकीची जागा ह्यांना दिली. स्वच्छ ऊन होतं, खाली रस्ते दिसले असते. विमान वर गेल्याबरोबर ह्यांनी खिडकीची झडप खाली ओढली, आणि ब्रिस्बेन येईपर्यंत पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले.