कोचची मुलगी

आमची आत्या डायव्हिंगची कोच आहे, हे तिच्याकडे बघून कुणालाही खरं वाटत नाही. ठेंगणी, गोल, चार पावलं चालली की धाप. पण गळ्यात शिट्टी अडकवून ती तलावाच्या काठावर उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद होते. तिच्याकडे शिकणाऱ्या पोरी मात्र सडपातळ, खांदे भरलेले, पोट सपाट. त्यांना बघून आया आपापल्या लेकींना घेऊन येतात आणि म्हणतात, "हिला जरा बारीक करा." आत्याचं डोकं तिथेच फिरतं.

"बारीक करायला मी काय रंधा मारते? पाण्यात त्या जातात किती वेळ? बाकी दिवसभर जमिनीवर घाम गाळतात!"

हे अगदी खरं आहे. लोकांना उडी दिसते, जिने दिसत नाहीत. प्रत्येक उडीनंतर पुन्हा वरपर्यंत चढायचं. त्याआधी गादीवर कोलांट्या, ट्रॅम्पोलिनवर उसळणं, भिंतीशी हातांवर उभं राहणं. उसळायला मांड्या लागतात, हवेत अंगाची घट्ट गठडी करायला पोट आणि पाठ, पाणी फोडायला खांदे. अंग जड असेल तर गिरकी मंदावते. असं वर्षानुवर्षं चाललं की चरबी टिकत नाही आणि स्नायू भरतात. नुसतं अंग वाळवून उडी जमत नाही, हे आत्या सगळ्यांना सांगून दमली. घरातल्या एकीला सांगायचं राहून गेलं.

ती माझी आतेबहीण. गेल्या वर्षी ती एकदम उंच झाली आणि तिच्या कोलांट्या अर्ध्यावर अडकू लागल्या. संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली. तिनं आपला उपाय आपणच शोधला आणि जेवण सोडलं. घरी स्वयंपाक आतोबा करतात. त्यांना ती सांगायची, "आईबरोबर तलावावर खाल्लं." आईला सांगायची, "बाबांनी पोटभर खायला घालून पाठवलं." दोघंही निर्धास्त. पोशाख सैल झाला तेव्हा आत्याच कौतुकानं म्हणाली, "आता कशी शिडशिडीत दिसतेस!"

चाचणीच्या दिवशी मी प्रेक्षकांत होतो. आतेबहीण गुणांत पुढे होती. शेवटची उडी हातांवर उभं राहून मारायची होती. सगळ्यात उंच प्लॅटफॉर्मच्या कडेला ती उलटी उभी राहिली आणि तिचे दंड थरथरायला लागले. तिनं पाय खाली टेकवले, पुन्हा उचलायला गेली. तेवढ्यात आत्यानं शिट्टी मारली.

"खाली ये! जिन्यानं!"

मग पंचांकडे जाऊन तिनं सांगितलं, की माझी मुलगी उडी मारणार नाही. संघातली जागा गेली.

आतेबहीण रडत, फणफणत खाली आली. आत्यानं तिचा दंड चाचपला, मग मनगट. आत्याचा चेहरा उतरला.

"शेवटचं कधी जेवलीस?"

आतेबहिणीनं मनगट सोडवून घेतलं. मला आत्याची कीव आली, आणि तिचा रागही आला.

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर अशी सगळ्यांसमोर उतरवली असतीस?" आतेबहिणीनं विचारलं.

आत्या तिच्याभोवती टॉवेल गुंडाळत राहिली. "दुसऱ्या कुणाची असती तर वर चढूच दिलं नसतं," ती म्हणाली. "मला केव्हाच कळलं असतं."