गाडीतून न उतरणाऱ्या बाई

हिवाळ्यात आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या घरात दाराशी एकेकटे हातमोजे साठत जातात. कशाची जोडी कशाशी लागत नाही आणि टाकायला जीवही होत नाही. सेंटरचे किस्से माझ्या डोक्यात असेच पडून आहेत. परवा एका पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ नेऊन जमायच्या जेवणाला, कुणीतरी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" मी जी सुरू झाले, ती नवऱ्याने कोट आणून हातात देईपर्यंत थांबले नाही!

तर आधी मी काय करते ते सांगते. मिनिआपोलिसमध्ये एक लॉन्ड्रोमॅट आणि एक टायरचं दुकान यांच्या मधोमध आमचं छोटंसं सेंटर आहे. सोमालिया, इथिओपिया, लायबेरियाहून आलेल्या कुटुंबांसाठी. पुढे इंग्लिशचे क्लास, नोकरीसाठी मदत, आणि मागे एक खोली. त्या खोलीत मी. काउन्सेलर.

नागपूरला आईला फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "काय करून राहिली तू तिकडे? वेड्यांचं बघतेस?"

बाबांनी तिच्या हातून फोन घेतला. बाबा रिटायर्ड पोस्टमास्तर. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याची भारी उत्सुकता. "लोक काय काय सांगतात गं तुला?"

"बाबा, कुणाचं नाव सांगता येत नाही मला. नियम आहे."

"नाव कोण विचारतंय? गोष्ट सांग!"

तेव्हापासून दर रविवारी बाबांना एक गोष्ट. नावं बदलून. तुम्हालाही बदलूनच सांगतेय.

*

सुरुवातीला माझ्या खोलीवर मोठा बोर्ड होता, मेंटल हेल्थचा. महिनाभर खोलीत चिटपाखरू नाही. एकदा एक बाई घाईघाईने आत आल्या, मी खूश होऊन उठले, तर त्यांना बाथरूम हवी होती.

आमच्या फ्रंट डेस्कला फादुमो बसते. ती मूळची सोमालियाची, वयाने माझ्याएवढीच, आवाज मात्र माझ्या चौपट. दुभाषीही तीच. ती एके दिवशी स्टुलावर चढली आणि तिने तो बोर्ड सरळ उतरवला.

"अगं, हे काय?"

"हा बोर्ड वाचून या दारातून कोण आत येईल? बाहेर कुणी बघितलं, तर पोरीचं लग्न मोडेल!"

हे वाक्य मी नागपूरला जसंच्या तसं ऐकलेलं होतं, माझ्या सख्ख्या मामीच्या तोंडून.

फादुमोने त्या जागी कागद चिकटवला: 'चहा'. दुसऱ्या दिवशी खोलीत बसायला जागा नाही!

*

पण लोक आले म्हणजे बोलले असं नाही बरं का. सोमाली बायकांना काहीही विचारा, उत्तर एकच. अल्हम्दुलिल्लाह. म्हणजे देवाची कृपा, सगळं छान.

झोप लागते का? अल्हम्दुलिल्लाह. भूक? अल्हम्दुलिल्लाह. मुलगा बोलतो का तुमच्याशी? इथे एक मोठा सुस्कारा, आणि मग अल्हम्दुलिल्लाह.

मी म्हटलं, चला, ही बाई तर ठणठणीत आहे. ती बाई बाहेर गेली, फादुमोच्या काउंटरवर दोन्ही कोपर टेकवले आणि पाऊण तास बोलली. झोप नाही, जेवण जात नाही, मुलगा खोलीचं दार उघडत नाही. सगळं!

मला इतका राग आला, यार. दोन वर्षं घासून डिग्री घेतली मी!

"मला का नाही सांगत?" मी फादुमोला विचारलं.

"तू समोर बसून डोळ्यांत बघतेस. पोलिसासारखी."

दुसऱ्या दिवसापासून मी माझी खुर्ची काउंटरच्या मागे टाकली आणि खाली मान घालून फायली लावत बसले. मी त्यांच्याकडे न बघता फायली लावायला लागल्यापासून लोक माझ्याशी बोलायला लागले.

*

एका बाईंना मी समजावून सांगितलं, की पुढचं सेशन प्रायव्हेट आहे. फक्त तुम्ही आणि मी. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या वेळी त्या आल्या तर सोबत बहीण, जाऊ, सासूबाई आणि आणखी एक आजी!

मी म्हटलं, "अहो, प्रायव्हेट म्हटलं होतं ना?"

"म्हणूनच तर फक्त घरच्यांना आणलंय!"

"आणि या आजी?"

"या शेजारच्या. यांना आणलं नाही, तर घरी जाऊन परत पहिल्यापासून सांगावं लागेल."

बाबा हा किस्सा ऐकून खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "बरोबर आहे त्या बाईचं. माझ्या पोस्टात मनीऑर्डर घ्यायला अख्खी आळी यायची."

*

पुरुष मात्र चहालाही यायचे नाहीत. अपवाद तेस्फायेचा. हा इथिओपियाचा. रात्री गोदामात, सकाळी टॅक्सी. बायकोने ओढत आणला होता. चेहरा असा, की दाताच्या डॉक्टरकडे आलाय.

मी म्हटलं, बोलायचं नाही ना? नका बोलू. डोळे मिटा, हळूहळू श्वास घ्या. याने डोळे मिटले आणि तिसऱ्याच श्वासाला घोरायला लागला. मी उठवलं नाही. तासाभराने जागा झाला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, काय औषध आहे तुमच्याकडे!"

मी डॉक्टर नाही, हे मी त्याला अजूनही पटवतेय.

पुढच्या मंगळवारी तो तीन मित्रांना घेऊन आला. एकाच्या काखेत उशी होती! आमचे डायरेक्टर नेमके त्याच वेळी खोलीत डोकावले. चार दणकट माणसं खुर्च्यांवर आडवीतिडवी घोरताहेत, आणि मी कोपऱ्यात हळूच चहा पितेय.

"ही कुठली थेरपी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"चाललीय ना? मग असू द्या."

आता मंगळवारची दुपार पुरुषांची. त्यातले दोघं हल्ली जागे झाल्यावर थोडं बोलतातही.

*

एका घरी होम व्हिजिटला गेले. मी मटण खात नाही म्हटल्यावर त्या माउलीने ताट भरून मसाल्याचा भात वाढला, आणि भाताच्या डोक्यावर अख्खं केळं ठेवलं. भातासोबत केळं! मी गुपचूप खाल्लं. घरी येऊन रंगवून रंगवून सांगितलं, की काय बाप्पा एकेक खाणं लोकांचं!

माझी लेक ईरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, यू ईट शिकरण विथ पोळी."

कप्पाळ माझं!

*

आता बाबांचा सगळ्यात लाडका किस्सा. हा किस्सा संपतच नव्हता.

दर गुरुवारी आमच्या पार्किंगमध्ये एक चॉकलेटी मिनीव्हॅन यायची. चालवायला हमदी, नर्सिंग होममध्ये नोकरी करणारी तरुण मुलगी. शेजारच्या सीटवर तिची आई, सहरा. सोमालीत मोठ्या बाईला एडो म्हणतात, म्हणजे आत्या. म्हणून आम्हा सगळ्यांच्या त्या सहरा एडो.

एडोंची थोरली बहीण नैरोबीत वारली. या दोघी एकमेकींच्या सावलीत वाढलेल्या. पण एडोंचे कागद अडकलेले, त्यामुळे जाता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी बोलणं सोडलं, स्वयंपाक सोडला, कुणाच्या घरची पायरी चढणं सोडलं. हमदीच्या खूप मिनतवाऱ्यांनंतर एवढंच कबूल केलं, की गाडीत बसून सेंटरपर्यंत येईन. उतरणार नाही.

आणि त्या खरंच उतरल्या नाहीत. फादुमो बोलवायला गेली, नाही. इंग्लिशच्या क्लासच्या बायका गेल्या, नाही. हमदी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. तरी नाही.

"उतरत नाहीत तर तू चढ," बाबा फोनवर म्हणाले. "सोपं आहे."

मी पुढच्या गुरुवारी मागचं दार उघडून गाडीत जाऊन बसले. हीटर चालू, काचांवर बर्फ, तिघीही समोर बघत. उतरताना वाटलं, काय मूर्खपणा करतेय मी.

मग मी थर्मासमधून चहा न्यायला लागले. आलं, वेलची, आमच्या घरचा. एडोंनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "साखर."

हमदीने माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली. आईचा परक्या माणसाशी पहिला शब्द!

पुढच्या वेळी मी दुप्पट साखर घातली. एडो म्हणाल्या, "साखर." त्याच्या पुढच्या वेळी तर चमचा उभा राहील एवढी घातली. त्या म्हणाल्या, "बरी आहे. अजून."

तो सगळा हिवाळा असाच गेला. एक शब्द, दोन शब्द. मी विचारायची, झोप लागते? त्या म्हणायच्या, अल्हम्दुलिल्लाह. मधेच एकदा बहिणीचं नाव घेतलं. एकदा मला विचारलं, "तुझे वडील आहेत?" मी म्हटलं, आहेत, नागपूरला, आणि दर रविवारी तुमचीच चौकशी करतात. हे ऐकून त्या पहिल्यांदा मागे वळल्या. बराच वेळ माझा चेहरा बघत राहिल्या. पण गाडीतून काही उतरल्या नाहीत.

बाबा दर रविवारी हॅलोच्या आधी विचारायचे, "उतरल्या का गं त्या बाई?"

"नाही, बाबा."

"उतरतील, उतरतील. आपल्याला काय घाई आहे?"

*

पुढच्या थंडीत बाबा गेले. झोपेतच.

आमच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. गेले असते तर परत कधी येऊ शकले असते कुणास ठाऊक, आणि ईराला इथे टाकून जाणार कशी? मी सगळं स्क्रीनवर बघितलं. मधेच नेट गेलं. परत आलं तेव्हा लोक पांगत होते.

ऑफिसातून ईमेल आली, हवा तेवढा वेळ घे. मराठी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'काही लागलं तर हक्काने सांग.' सगळे चांगलेच लोक आहेत. मीही सगळ्यांना लिहिलं, मी ठीक आहे. नितीनला, म्हणजे नवऱ्याला, हेच सांगितलं. रडू येत नव्हतं. भांडी घासत होते, घासलेली परत घासत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. नितीनने दार उघडलं आणि तो बाजूलाच झाला, कारण दुसरा इलाज नव्हता. सगळ्यात पुढे फादुमो, मागे इंग्लिशचा क्लास, त्यामागे त्या 'प्रायव्हेट' सेशनच्या पाचही जणी, शेजारच्या आजींसकट! तेस्फाये हातात फावडं घेऊन आला होता, तो आमच्या दारापुढचा बर्फ काढायला लागला. बायकांनी बूट काढले आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. कुणी काही विचारलं नाही. आपल्याकडे अशा घरात शेजारचे पिठलं-भात आणतात ना, तसं त्यांनी आणलं होतं. माझं मटणाचं पथ्य लक्षात ठेवून, परातभर भात आणि केळी.

"मी ठीक आहे," मी फादुमोला म्हटलं.

"हो, हो," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

तेवढ्यात ईरा खिडकीतून ओरडली, "आई, देअर्स अ ब्राऊन व्हॅन!"

मी खिडकीशी गेले. हमदी गाडी लावून उतरली होती. शेजारच्या सीटवर एडो, नेहमीसारख्या समोर बघत. मी मनात म्हटलं, थर्मास कुठाय माझा? कोट घालून जावं लागेल.

आणि व्हॅनचं दुसरं दार उघडलं.

हमदी तोंडावर हात ठेवून तिथेच उभी राहिली. एडो मोजे आणि चपला घालून त्या बर्फातून एकट्या चालत आल्या. तेस्फायेने फावडं बाजूला धरून वाट दिली. माझ्या हातात फोन होता आणि मी बाबांचा नंबर काढलासुद्धा होता. मग लक्षात आलं.

एडो आत आल्या, सोफ्यावर माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. समोर बघत होत्या. मीही समोर बघायला लागले.

"झोप लागते?" त्यांनी विचारलं. हमदी भिंतीला टेकून इंग्लिशमध्ये सांगत होती.

"हो. ठीक आहे."

"जेवण जातं?"

"ठीक आहे."

"रडलीस?"

"मी ठीक आहे, एडो."

एडोंनी मान हलवली. मग माझा हात न सोडता लेकीला सोमालीत काहीतरी लांबलचक सांगितलं. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. फादुमो हसता हसता डोळे पुसायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

हमदीला सांगताना धड हसू आवरेना, धड रडू.

"आई म्हणतेय, हिची अवस्था अवघड आहे. गुरुवारी हिला गाडीत बसवा. चहा मी आणीन, हिला साखर कळत नाही."