वानखडे मॅडमची हजेरी

१४ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. सुरतजवळच्या सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीत लेसर यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आमच्या प्रशिक्षक डॉ. नलिनी वानखडे यांनी माझ्यापुढे स्टीलची वाटी धरली.

"घड्याळ, अंगठी, कानातलं, सगळं काढा. चकाकणारं काही अंगावर नको. अन् पीएच.डी. बी यातच ठेवा जी. संध्याकाळी परत मिळते."

मी पुण्याची डॉक्टरेट आणि परदेशातील तीन वर्षांचे संशोधन घेऊन तेथे गेले होते. दुसरा प्रशिक्षणार्थी केयूर हा सुरतचाच, माझ्याइतकाच अनुभवी. विद्यापीठात मुरलेल्या संशोधकांना कारखान्याच्या कामासाठी तयार करायचे आणि अखेरच्या चाचणीत खरा उतरेल त्याला नव्या प्रयोगशाळेचा प्रमुख नेमायचे, अशी ती योजना होती. पद एकच होते आणि ते मला हवे होते. स्वतःची प्रयोगशाळा मिळवण्याचा याहून जवळचा मार्ग मला दिसत नव्हता.

वाटी भरली की मॅडम हजेरी घेत. लेसरपासून डोळे वाचवणारा चष्मा चढवूनच उत्तर द्यायचे, हा नियम.

"रश्मी?"

"आहे."

"केयूर?"

"हा, मॅडम."

"सुहास?"

खोलीत तिसरे कोणी नव्हते. एखाद्याने उत्तर द्यावे इतका वेळ त्या थांबत आणि मगच लेसरची किल्ली फिरवीत. चौथ्या-पाचव्या दिवशी केयूरला राहवले नाही. "मॅडम, आ सुहासभाई रोज रजा पर?"

"रजेवर नाही. गेला तो," त्या म्हणाल्या आणि किल्ली फिरवली.

आमचे मुख्य काम म्हणजे केसाएवढ्या काचतंतूत लेसरचा झोत नेमका शिरवणे. झोत अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. एकाने स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याने मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. शंभर भाग प्रकाश सोडला तर तंतूच्या दुसऱ्या टोकाला किती पोचला, तेवढेच. मी एकदा "छान, वाढतोय" असे म्हटले.

"तुमाले मत कोणी विचारून राहिलं का? आकडा सांगा."

झोत नेमका कुठे पडतो ते पाहण्यासाठी, तो पडेल तिथे चमकणारे एक कार्ड वापरतात. चष्म्यातून त्याची चमक अगदी मंद दिसते. नोव्हेंबरात एका दुपारी, बराच वेळ आकडा हलेना तेव्हा, मी नकळत चष्म्याच्या काडीला हात लावला. मॅडमनी लेसर बंद केला आणि त्या स्टुलावर बसल्या.

"नवा माणूस चष्मा विसरत नाही. त्याले भेव असते. अनुभवी माणूस तो काढते. त्याले वाटते, झोत कुठं जातो ते मले पाठ आहे."

सुहास त्यांच्या आधीच्या प्रयोगशाळेतला, दहा वर्षांचा अनुभव असलेला संशोधक. कार्ड नीट दिसावे म्हणून त्याने क्षणभर चष्मा वर केला. एका स्क्रूच्या डोक्यावरून परतलेला झोत उजव्या डोळ्यात गेला. दृष्टीच्या मधोमध काळा डाग उरला. पुढच्या वर्षी रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेला ट्रक त्याला दिसला नाही.

"मी बाजूलेच उभी होती, आकडे वाचत," मॅडम म्हणाल्या. "मान वर करून पाह्यलं नाही."

चाचणीला पंधरवडा उरला असताना सुरतेतल्या भेस्तान भागातल्या घरी मॅडम हृदयविकाराने गेल्या. यवतमाळहून त्यांचे धाकटे भाऊ आले होते. मला बाजूला घेऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "तुमच्यात सुहास कोण हाये? आमच्या नात्यात तर कोणी नाही. ताई गॅस पेटवायच्या आधी रोज हे नाव घे. अन् थांबे."

त्या संध्याकाळी खोलीवर गॅसची कळ धरून मी किती वेळ उभी होते, हे मला सांगता येणार नाही. मोजण्याची सवय असलेल्या बाईला हे शोभत नाही. पण ते तसे घडले.

चाचणीच्या दिवशी अट एकच होती: शंभरातले सत्तर भाग पोचले पाहिजेत. दोन ग्राहक बसले होते. कंपनीचे व्यवस्थापक देसाईभाई घाईत होते. हजेरी न घेताच त्यांनी किल्ली फिरवली. फेरी माझी होती: केयूर मीटरपाशी, मी स्क्रूपाशी. एकोणसाठ. एकसष्ट. त्रेसष्ट. मग आकडा तिथेच खिळला.

देसाईभाई कानाशी येऊन म्हणाले, "बेन, चश्मा जरा ऊंचा करीने जोई लो ने. बे सेकंडनुं काम छे."

त्यांचे खरे होते. दोन सेकंदांत झोत सापडला असता. माझा हात काडीपर्यंत गेला. डाव्या खांद्यामागे, मॅडम उभ्या राहत त्या जागी, कोणीतरी श्वास रोखून थांबले आहे असे मला स्पष्ट जाणवले. मी मान वळवली नाही. ते एकच माणूस आहे की दोन, हे मला ठरवता येईना.

मी हात खाली घेतला आणि स्क्रू आणखी एक बारीक वळसा फिरवला.

"वेळ संपली," देसाईभाई म्हणाले.

"केयूर, आकडा."

तो घुटमळला. "रश्मीबेन, थोडं अजून जर..."

"मत नको. आकडा."

त्याने वाचला, मी लिहून घेतला. चौसष्ट.