ज्वारीच्या कणगीतला करंडा

तहसील कचेरीत उर्दू कागद लिहिण्यात ज्याचे केस पिकले, त्याने उतारवयात मराठी लेखणी हाती धरावी हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी. पण युसूफ वडगाव या गावच्या माझ्या सासऱ्यांइतकी लाकडाची बडदास्त ठेवणारा सुतार निजामाच्या साऱ्या मुलखात झाला नसेल, एवढे तरी कुणी लिहून ठेवायला हवे.

कडुलिंबाच्या खोडावर फोडासारखी वाढलेली गाठ दिसली की सासरे भर रस्त्यात बैलगाडी थांबवीत. गाठीच्या पोटात सुरेख नक्षी असते, पण स्वभाव हट्टी. ओली कापून घाईने वाळवावी तर वाकते, तडकते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडांना मेण चोपडून, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून ते तो ज्वारीच्या कणगीत पुरीत. "बाळंतीण हाय ती. ऊन न्हाई, वारा न्हाई!" असे म्हणत आल्या पाहुण्यालाही दार लावून घ्यायला लावीत. भाकरीसाठी दाणे काढताना सासूबाईंच्या हाती आधी लाकूड येई. "एक दिस ह्याचीच भाकर थापून वाढीन," त्या म्हणत. मात्र आपल्या कणगीत कधी किडा होत नाही, हे शेजारणींना ऐटीत सांगत. दर अमावास्येला सोनाराचा काटा मागून आणून तुकडे तोलले जात. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड वाळले. तोवर त्याला हत्यार लावणे पाप.

या पापभीरूपणापायीच माझे लग्न अडले. लेकीला पाठवणीत आपल्या हातचा कुंकवाचा करंडा द्यायचा, हा त्यांचा पण. तिथी आठ दिवसांवर आली आणि निरोप आला : "लाकूड ओलं हाय. लगीन पुढं ढकला." माझे वडीलही सुतारच, पण जमदग्नी. सोयरीक मोडायचीच म्हणून त्यांनी गाडी जुंपली आणि मलाही बसवले. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिचे हसू मनात भरले होते. ते सांगण्याचे धैर्य मला वाटभर झाले नाही.

"कावून थांबवलं लगीन?" वडील अंगणातूनच गरजले.

सासऱ्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. वडिलांनी तो गालाला लावला. गार लागला.

"ओलंच हाय की, इवाई," वडील व्याह्यांना म्हणाले.

"मंग? झाकण वाकलं तर पोरगी जलमभर माझ्या नावानं खडे फोडंल."

"खरं हाय. आन् मेण कोणतं लावलंत?"

दिवेलागणीपर्यंत दोघे मेणावरच बोलत राहिले. सोयरीक मोडायची राहूनच गेली. दाराआडून तेच हसू ऐकू आले, आणि मी त्या दिवशी प्रथमच मान वर केली.

लग्न माघात झाले. सासरे आज नाहीत. पावसाळ्यात आमच्या घराची सगळी दारे फुगतात, करंड्याचे झाकण मात्र अजून एका बोटाने बसते. आता आमच्या धाकटीचे लग्न ठरले आहे. ती तोच करंडा मागते, आणि तिच्या आईचा हात काही त्यावरून निघत नाही. परवा मी कुणाला न सांगता लिंबाची एक गाठ कापून आणली आणि मेण लावून ज्वारीत पुरली. तिथी वीस दिवसांवर आहे. तुम्हीच सांगा, व्याह्यांना थांबायला सांगू का?