बुकित तिमाहची गढी

अव्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफीच्या रांगेत होतो. तोंडातून निघालं, "काहीतरी काय बोलताय, परवा शनिवारी तर गढीवर गेला होता!" पाच आठवडे झाले, मी अजून त्या वाक्यातच अडकलोय...

गढी म्हणजे बुकित तिमाहच्या टेकडीवरचा जुना बंगला. रबराच्या मळ्यांवर गब्बर झालेल्या कुणा साहेबानं विलायतेतल्या किल्ल्यासारखा बांधलेला. बुरूज काय, गोळ्या झाडायच्या जंग्या काय, सगळा थाट. अव्या, म्हणजे अविनाश, बँकेतला माणूस, पण पुण्याचा, तरुणपण सह्याद्रीतल्या गडांवर घालवलेला. मला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा कौतुक राहिलं बाजूला. "पाण्याचं टाकं कुठाय? चोरदरवाजा कुठाय? वेढा पडला तर हा साहेब दोन दिवसांत शरण!" "अरे, त्याला इथं वेढा घालणार कोण?" मी म्हटलं. पठ्ठ्या ऐकेल तर शपथ! चोरदरवाजा शोधायला दर शनिवारी जायला लागला आणि शोधता शोधता त्या घराचा इतिहासच लिहायला बसला... साहेबाची मड्डमेशी भांडणं, युद्धात तिथं मुक्कामाला उतरलेले जपानी अधिकारी, नंतरचे भाडेकरू. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी म्हणे. दर वर्षी "एक प्रकरण राहिलंय" म्हणून गुंगारा द्यायचा. मी मात्र तिकडे पुन्हा फिरकलो नाही.

तेराव्यानंतर नीलिमावहिनींनी, त्याच्या बायकोनं, वह्या माझ्या हातात ठेवल्या. "शेवटचं तुम्ही पुरं करा, भाऊजी. आणि एकदा तिथं जाऊन या." गेलो. गढी नव्हतीच! पत्र्याचं कुंपण, आत क्रेन, बाहेर नव्या कोंडोची, म्हणजे महागड्या फ्लॅटांच्या टॉवरची, जाहिरात. दोन वर्षांपूर्वीच पाडली म्हणे. मी चक्रावलोच, कारण वहीत गेल्या महिन्यातली नोंद होती, "आज पश्चिमेच्या बुरुजावर ऊन छान." गेटवरच्या वॉचमनला फोनमधला फोटो दाखवला. "दॅट अंकल? एव्हरी सॅटरडे कम, लाह!" म्हणत त्यानं समोरच्या बस स्टॉपकडे बोट केलं. तिथं बसून डबा खायचा, लिहायचा, संध्याकाळच्या बसनं जायचा.

बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये वहिनींसमोर बसलो खरा, पण नवरा दोन वर्षं थापा मारत होता हे बाईला सांगायचं कसं? कसंबसं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाडली ते मला तेव्हाच कळलं होतं. पेपरात फोटो होता. तो पेपर मी लपवला, यांना सोसणार नाही म्हणून... आणि पुढच्या शनिवारी हे निघालेच! परत येऊन बुरुजाबद्दल बोलायला लागले. मग जातात कुठे? कुणाकडे? दोन वर्षं विचारायचं धाडस झालं नाही, भाऊजी. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं ना त्यांनी."

"बस स्टॉपवर जायचा," मी पुन्हा म्हटलं. "एकटाच. मी नीट विचारलंय."

त्या हसायला लागल्या, मग रडायला. मला अव्याचा राग आला, मग दया, मग परत राग. तू कुणाला जपत होतास रे गाढवा? बायकोला, स्वतःला, की त्या साहेबाच्या खोट्या किल्ल्याला? खरंच कळत नाही.

शेवटचं प्रकरण आता मी लिहितोय. गढी पाडली असं लिहू की नको, काल वहिनींना फोन करून विचारलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आता कुणापासून लपवायचं?"